पाट मांडला की बसायचं

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत माझ्यामुळे आजवर दोन नोटिसा लागल्या. दोन्ही मी बोर्डावरून काढून घरी आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. लोक सर्टिफिकिटं भिंतीवर लावतात. माझ्याकडे सातवीपलीकडचं सर्टिफिकेट नाही, तेव्हा हीच माझी. दोन्ही नोटिसा इंग्रजीत आहेत आणि मी इंग्रजी शिकवते म्हणून लागल्या आहेत.

हो, मी शिकवते. चिरनेरच्या शाळेत मराठीतून सातवी केलेली, वय वर्षं अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे वेळ मिळणार नाही.

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा माझं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं. आमचे हे नोकरीवर गेले की मी बाटल्या, डबे, साबणाचे कागद, हाताला येईल ते वाचत बसायची. मग मुलगा पाचवीत गेला आणि त्याला इंग्रजी सुरू झालं. तो शाळेतून येऊन खेळायला पळाला की त्याचं पुस्तक माझं. तो दहावी झाला तोवर मीही दहावीपर्यंत पोचले होते, फक्त परीक्षेला मला कुणी बोलावलं नाही.

शब्द आले, वाक्यं आली, पण एका जागी गाडं रुतायचं. आपल्या मराठीत मी म्हणजे मी. इंग्रजीत मी म्हणजे ‘आय’, आणि त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला मला. (त्यांचा ‘मी’ मी अवतरणात लिहिते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे अडखळाल.) एकदा दवाखान्यात नंबर लावणाऱ्या मुलीला मी ऐटीत सांगितलं, ‘माय हजबंड अँड मी आर वेटिंग.’ ती हसली नाही. तिने शेजारच्या मुलीकडे बघितलं आणि ती दुसरी हसली. तसलं हसणं जास्त लागतं. त्या दिवसापासून मी ‘मी’ला हातच लावला नाही. सगळीकडे ‘आय’. ‘कॉल माय सन अँड आय’, ‘टेल माय हजबंड अँड आय’. उगाच कुणी हसायला नको. वर्षभर असं चाललं आणि कुणी हसलंही नाही, कारण बाकीचेही तसंच बोलत होते.

उलगडा झाला तो चिरनेरला, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात. माझ्या एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात ओगराळं. आमचे हे पंगतीत बसलेले. मी त्यांच्या भातावर आमटी घातली आणि मनात आपसूक वाक्य आलं, ‘आय सर्व्ह हिम.’ पुढे सरकले. ती पंगत उठली, आम्ही बायका बसलो, आणि पुरुष वाढायला आले. बघते तर बादली घेऊन हेच समोर. ‘ही सर्व्ह्ज मी.’ मघाशी बसला होता तेव्हा ‘हिम’, आता उभा राहिला तर ‘ही’. मी मघाशी उभी होते तेव्हा ‘आय’, आता बसले तर ‘मी’. मी अशी टक लावून बघायला लागले की ह्यांना वाटलं आमटी हवी आहे. इतकी वाढली की भाताचं बेट बुडालं.

तेव्हापासून माझं व्याकरण एवढंच. ओगराळं ज्याच्या हातात तो उभा: ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’. ज्याच्या पानावर पडतं तो बसलेला: ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’. ‘यू’ म्हणजे जावई. उभा राहो की बसो, त्याचा मान बदलत नाही. आणि ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘बिटवीन’ हे पाट. पाट मांडला की माणसाने बसायचं, त्यावर उभं राहायचं नाही. पुस्तकात ह्याला मोठी मोठी नावं आहेत. मी ती वाचली आणि सोडून दिली.

क्लास मी काढला नाही, तो झाला. आमच्या खालच्या मजल्यावर एक भाभी राहतात. मूळच्या उरणच्या, मियाँ आखातात. त्या एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, ‘काकी, नातू फोनवर इंग्लिशमध्ये बोलतो आणि मी नुसती हां हां करते. मला एवढं शिकवा की त्याला दोन शब्द सुनावता आले पाहिजेत.’ दोन शब्द सुनावणं हा माझ्या आवडीचा विषय. भाभींनी एकीला आणलं, तिने आणखी दोघींना. तीन महिन्यांत आम्ही अकरा जणी झालो. नावं कुणी विचारली नाहीत. आमच्याकडे सून आली की तिला माहेरच्या गावाने हाक मारतात, तशाच हाका सुरू झाल्या. मी चिरनेरवाली, भाभी उरणवाली, आणि जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती जासईवाली.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार वाजता, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये. नावाला क्लब हाउस, आत एक टेबल टेनिसचं टेबल आणि त्यावर गणपतीच्या सजावटीचं सामान. आम्ही खाली बसायचो. पानं मांडायचो, खरीखुरी, केळीची, आणि एकीने घरून काहीतरी करून आणायचं. कोरडी पंगत लक्षात राहत नाही. अर्ध्या जणी वाढायच्या, अर्ध्या बसायच्या, आणि वाढताना तोंडाने वाक्य म्हणायचं. मग अदलाबदल. चुकलं तर वाढलेलं परत काढून घ्यायचं. भाभींनी एकदा ‘शी गिव्ह्ज आय’ म्हटलं आणि मी त्यांच्या पानावरचा घावन उचलला, तर म्हणतात, ‘काकी, ग्रामर घ्या, घावन ठेवा.’

जासईवाली करंजाडे गावात दिलेली आणि नोकरी जासईला. माहेरच्या गावात कामाला जायचं आणि सासरच्या गावात झोपायला यायचं, असा तिचा संसार. तिथे कंटेनर ठेवायची मोठमोठी यार्डं आहेत. त्यातल्या एकात ती झाडू-पोचा आणि चहा करायला लागली होती. पण गेली दोन वर्षं गेटवरच्या चिठ्ठ्याही तीच भरत होती. कुठली गाडी, कुठला कंटेनर, किती वाजता आत, किती वाजता बाहेर. भरायच्या होत्या सुपरवायझरने. तो फोनवर असायचा. ती चहा ठेवायला जायची, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, म्हणून एकदा तिने पेन उचललं ते उचललंच. सही मात्र त्याची.

आता गेटच्या खिडकीत बसायची एक जागा निघाली होती. खुर्ची, पंखा, वेगळा पगार. अकरा दिवसांनी मुंबईच्या ऑफिसातून एक मॅडम येऊन प्रत्येकाशी इंग्रजीतून बोलणार होत्या. जासईवालीने धीर करून नाव दिलं होतं. सुपरवायझर तिला म्हणाला होता, ‘तू काय मॅडमला चहा विचारायला चाललीस का?’

हे तिने आम्हाला सांगितलं ते हातात ओगराळं घेऊन. ती बसायचीच नाही हो. पंगत तिच्या हातात, पान तिचं रिकामं. ‘काकी, तुमी बसा, मी वाढते.’ घरीही तसंच असणार. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने खाणारी बाई ती.

मी म्हटलं, मॅडम विचारतील तू काय काम करतेस. सांग बघू.

‘सर अँड मी फिल द स्लिप,’ ती म्हणाली.

आता दोन माणसं एका वाक्यात आली की गोंधळ होतो, हे मला दवाखान्यापासून माहीत आहे. त्यावर माझा उपाय साधा आहे. दुसऱ्याला पंगतीतून उठवायचं आणि एकटी काय म्हणाली असतीस ते बघायचं.

‘साहेबाला उठव,’ मी म्हटलं.

‘उठवला.’

‘आता म्हण.’

‘आय फिल द स्लिप.’ तिला बरोबर आल्याचा आनंद झाला असेल म्हणून मी हसले, पण ती ओगराळ्याकडे बघत होती. ‘काकी,’ ती म्हणाली, ‘खरंच तो नाय भरत. एक पण नाय.’

मी म्हटलं, ‘मग त्याला परत बसवू नकोस.’

‘असं कसं? साहेब हाय तो.’

‘साहेब असेल तिकडे. वाक्यात कशाला हवा?’

त्या दिवशी उरणवालीने वालाचं बिरडं आणलं होतं. ह्या बोलण्याच्या नादात पातेलं कुणाच्या तरी पायाने कलंडलं. आम्ही पुसलं, पण हळद ती हळद. दुसऱ्या दिवशी पहिली नोटीस. क्लब हाउसमध्ये खाणं आणि ‘अनधिकृत शिकवणी’ बंद, आणि काही म्हणणं असल्यास ‘कॉन्टॅक्ट द चेअरमन ऑर आय’. खाली सेक्रेटरींची सही.

पंधरा वर्षं शेजारधर्म आहे. ते आमच्या ह्यांचे मित्र, मुंबईत मोठ्या ऑफिसातून रिटायर झालेले. माझ्या पर्समध्ये औषधाच्या वेळा लिहायला लाल पेन असतं. मी ‘आय’ खोडून ‘मी’ लिहिलं आणि लिफ्टची वाट बघत उभी राहिले, तर लिफ्टमधून तेच उतरले.

‘वहिनी, हे काय चालवलंय?’

‘भाऊजी, चेअरमनला उठवा आणि वाचून बघा. कॉन्टॅक्ट आय. तुमच्या ऑफिसात चालायचं का असं?’

त्यांनी बोर्डाजवळ जाऊन वाचलं. मग म्हणाले, ‘आम्हाला मास्तरांनी शिकवलंय. दुसऱ्याचं नाव आधी आणि मग आय. “मी” म्हटलं की हातावर पट्टी बसायची.’

‘म्हणून तुम्ही अजून उभेच आहात. पाट मांडलाय, बसा की.’

त्यांना पाट कळला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि हा माणूस चष्मा पुसायला लागला की पुढे कडक बोलतो. ‘तुम्ही शिक्षिका नाही, वहिनी. उद्या कुणी चुकीचं शिकून तोंडघशी पडलं तर जबाबदार कोण? बायकांना कोर्स लावू द्या एखादा. कमिटीचा निर्णय आहे. क्लब हाउसची किल्ली द्या.’

खोटं कशाला बोलू, ते वाक्य मला लागलं. तोंडघशी पडणारी कोण ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. दहा दिवस राहिले होते. आणि मी कोण? मला कुणी शिकवलं? मी घरी आले, चहा केला, तो गार होईपर्यंत बसले. जासईवाली मॅडमपुढे अडखळली आणि सुपरवायझर हसला, तर ती पुन्हा कधी पेन उचलणार नाही, नुसता कप उचलेल. हे दवाखान्यात हसं झालेल्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण मला हसणाऱ्यांनी मला काय शिकवलं? ‘मी’ला घाबरायला. ओगराळ्याने मात्र शिकवलं. मी किल्ली वॉचमनकडे देऊन टाकली. किल्ली त्यांची होती. क्लास त्यांचा नव्हता.

चिरनेरच्या माणसाला बंदी नवीन नाही. आमच्या गावच्या लोकांना एकदा इंग्रज सरकारने जंगलात पाऊल टाकू नका सांगितलं होतं. पुढे काय झालं ते गावातल्या हुतात्म्यांच्या स्तंभावर लिहिलेलं आहे. माझी बंदी फारच छोटी होती, नुसत्या हळदीची. पण पाऊल पुढेच पडलं.

इमारतीखाली आमच्या नावाची एक पार्किंगची जागा आहे. मुलगा सकाळी गाडी घेऊन जातो तो सात वाजता येतो, दिवसभर ती रिकामी. मंगळवारी चार वाजता मी तिथे चटई अंथरली. शेजारच्या जागेत कुणाची तरी झाकलेली गाडी, वर पाण्याचा पाइप, आणि मधे आमची पानं. ‘वी सर्व्ह देम’, ‘दे सर्व्ह अस’ सुरू झालं तसा पंपाच्या खोलीतून आवाज घुमायला लागला. वॉचमन दोन्ही वाक्यं शिकला.

दुसरी नोटीस गुरुवारी. पार्किंगची जागा फक्त वाहनांसाठी आहे, अन्य वापर केल्यास कारवाई. शुक्रवारी मी वॉचमनला हाताशी घेऊन आमच्या ह्यांची स्कूटर काढली. नऊ वर्षं सुरू झालेली नाही, पण चाकं दोन आहेत. ती जागेच्या मधोमध उभी केली आणि तिच्याभोवती चटई.

सेक्रेटरी आले. ‘वहिनी, नियम आहे.’

‘नियमाप्रमाणेच आहे, भाऊजी. वाहन उभं केलंय. हे त्याचे नातेवाईक, भेटायला आलेत.’

भाभी तोंडावर ओढणी धरून हसल्या. सेक्रेटरी हसले नाहीत, पण लगेच गेलेही नाहीत. थोडा वेळ खांबाशी उभे राहिले. जासईवाली वाढत होती आणि मी मॅडम झाले होते.

‘हू फिल्स द स्लिप?’ मी विचारलं.

‘सर...’ तिने सुरुवात केली, आणि मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने खाली बघून पुन्हा म्हटलं. चार वेळा साहेब आला, चार वेळा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला उठवला. पाचव्या वेळी तो आला नाही.

मॅडम आल्या त्या दिवशी मंगळवार होता. चार वाजले, सव्वाचार झाले, आम्ही दहा जणी स्कूटरभोवती बसून होतो आणि एकीलाही इंग्रजी सुचत नव्हतं. साडेपाचला ती आली, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगायला लागली.

‘मॅडम बोलली, गेटच्या स्लिपा कोण भरतो. इंग्लिशमधे. साहेब दारातच उभा. तोच पहिला बोलला, वी डू मॅडम, टीम. मला एकदम वाटलं, आता जाऊ दे. मग चिरनेरवाली काकी दिसली, साहेबाला पानावरून उठवताना. मी बोलले, नो. मी. ओन्ली मी.’

‘मग?’

‘मॅडमने जुने गठ्ठे मागवले. माझ्याकडून एक स्लिप लिहून घेतली आणि बाजूला ठेवली. दोन वर्षं सगळं एकच अक्षर. तिने इचारलं, अगोदर का नाय सांगितलंस. मी बोलले, नोबडी आस्क मी.’

‘आस्क्ड,’ पाठीमागून आवाज आला. सेक्रेटरी लिफ्टपाशी होते, हातात भाजीची पिशवी. ‘आणि ओन्ली मी बरोबर नाही. आय डू म्हणायला हवं होतं.’

तिचा चेहरा उतरला. एवढं करून आली होती पोर. मग मात्र मी गुडघे विसरून उठले.

‘भाऊजी, तुम्ही बेल वाजवता आणि आतून कोण आहे विचारतात, तेव्हा तुम्ही काय म्हणता? इट इज आय? परका समजून दार उघडणार नाहीत तुम्हाला. सगळं जग इट्स मी म्हणतं, तुमचे मास्तरसुद्धा घरी म्हणत असतील. आणि समजा, चुकलं. समजा, अख्खं वाक्य चुकलं. स्लिपा कोण भरतं ते मॅडमला कळलं की नाही? दोन वर्षं बरोबर इंग्रजीत वी डू म्हणणारा माणूस खोटं बोलत होता, त्याला नाही कुणी पट्टी मारली.’

सेक्रेटरींनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. ‘मी फक्त व्याकरणाचं म्हटलं, वहिनी.’

‘मीही तेच म्हणतेय.’

शुक्रवारी तिला फोन आला. सोमवारपासून खिडकीत बसायचं. सुपरवायझर आहे तिथेच आहे, तो कुठे जायचा नाही. पण आता चहा तिला दुसरं कुणी आणून देतं, आणि साखर कमी असते, असं ती तक्रारीच्या सुरात सांगते आणि आम्ही तो सूर कान भरून ऐकतो.

आणि मागच्या मंगळवारची गोष्ट. पानं मांडून झाली होती, ह्या वेळी बिरडं माझं होतं, तर तिचा फोन. मागे ट्रेलरचे हॉर्न. ‘काकी, गाड्यांची लाइन हाय. उशीर होईल. स्टार्ट विदाउट मी.’ आणि ठेवून दिला. तिला कळलंही नसेल की ती न थांबता, न अडखळता ‘विदाउट’च्या पाटावर बसली होती.

मी फोन खाली ठेवला आणि सांगितलं, सुरू करायचं नाही.

भाभी म्हणाल्या, ‘काकी, ती बोलली ना करा म्हणून.’

‘तिने सांगितलं, आपण ऐकायलाच पाहिजे असं नाही.’

बसून राहिलो. पाच वाजले, सहा झाले. बिरडं गार झालं, ते घरी जाऊन गरम करून आणलं. सेक्रेटरी दोनदा खाली येऊन गेले. तिसऱ्या नोटिशीचा विचार असेल तर असो. कपाटाच्या दारावर जागा आहे अजून. पावणेसातला मुलगा गाडी घेऊन आला, आपल्या जागेत स्कूटर, दहा बायका आणि अकरा पानं बघून त्याने हॉर्न दिला. मी हात वर केला. तो बिचारा गाडी रस्त्यावर लावून आला आणि म्हणाला, ‘आई, अजून किती वेळ?’ मी म्हटलं, ‘एक माणूस यायचंय.’

ती आली, बोटांना निळी शाई. पर्स स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि सवयीने पातेल्याकडे हात गेला. मी पातेलं माझ्या बाजूला ओढलं.

‘काकी, द्या, मी वाढते.’

‘बस.’

‘तुमचे गुडघे...’

‘माझ्या गुडघ्यांना उठव वाक्यातून. बस.’

ती बसली. मांडी घालायला तिला वेळ लागला, पंगतीत पहिल्यांदा बसणाऱ्याला लागतो. मी वाकून तिच्या पानावर भात ठेवला, त्यावर बिरडं घातलं, आणि ओगराळं घेऊन पुढे सरकणार तोच तिने पानाच्या कडेवर बोट ठेवलं.

‘अजून थोडं,’ ती म्हणाली.